बिननावाचं पत्रक

मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला छापखान्यात गेलो होतो. शेजारी विज्ञानाचे एक निवृत्त मास्तर पत्रक छापून घेत होते. गावातल्या बाबाच्या तीर्थानं आजार बरे होत नाहीत, ते मठामागच्या बोअरचं पाणी आहे, एवढंच त्यात होतं.

"खाली माझं नाव टाका," मास्तर म्हणाले.

"तुमचं टाकतो सर, पण छापखान्याचं नको," मालक हळूच म्हणाला. "घरी पोरंबाळं आहेत."

साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात असंच चालायचं. राजाला सत्ता देवानं दिलेली नाही, असं लिहिणाऱ्यांची पुस्तकं लेखकाच्या नावाशिवाय निघायची आणि छापल्याचं गावही मुद्दाम खोटं टाकलेलं असायचं. शाळेत हे शिकताना मला त्या काळाची कीव आली होती.

मास्तरांनी ओल्या शाईचं एक पत्रक माझ्या हातात दिलं. "वाचा आणि पुढे द्या."

"हो सर," म्हणालो. बाहेर समोरच बाबाचा भलामोठा फ्लेक्स होता. मी पत्रकाची घडी घालून ती खिशात, रुमालाच्या खाली दाबली. पत्रिकेचं प्रूफ मात्र हातात उघडंच होतं. त्यावर आमच्या घरातल्या तान्ह्या पोराचंसुद्धा नाव होतं.