वसईवाल्यांचं नाव

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे की मला किल्ल्यांचं फारसं कौतुक नाही. मी नागपुरात जरीपटक्याच्या शाळेत भूगोल शिकवते आणि चढण दिसली की माझे गुडघे आधीच कुरकुरायला लागतात. त्यामुळे जानेवारीत एका सकाळी चहा घेता घेता बाबा म्हणाले, "मले वसईले जायचं आहे," तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस आणि चौदा तासांची गाडी! पण बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वर्षश्राद्धाच्या आधी जाऊन येऊ. मंग पाहू." त्याच दुपारी मी तिकिटं काढली.

आता हे नीट सांगायला हवं. प्रताप नगरातल्या आमच्या घरी पितृपक्षातल्या चतुर्दशीला एक पान जास्तीचं वाढतात. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची ती तिथी. ते पान 'वसईवाल्यांचं'. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्या वेढ्यात आमचा एक पूर्वज पडला. पोरगाच होता म्हणे. त्याच्या बापाने दुःखाच्या भरात घरात त्याचं नाव घ्यायचं नाही अशी ताकीद दिली, ती सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली, आणि दोन पिढ्यांनी नाव कोणालाच आठवेना. पुढे कुटुंब भोसल्यांच्या मागोमाग नागपूरला आलं. पान आलं, नाव तिकडेच राहिलं.

आणि गेल्या फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ नितीन काटोलहून मोटारसायकलने घरी येताना ट्रकखाली गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव उच्चारलेलं नाही. दुसऱ्या कोणी घेतलं तर उठून आत जातात. फोटो कपाटात गेला. आईला त्याच्याबद्दल बोलायचं असलं की ती गच्चीत जाऊन मला फोन करते. नितीनचं लग्न झालं नव्हतं, तेव्हा वर्षश्राद्ध बाबांनीच करायचं, आणि त्यात गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. आईचा सगळा जीव तिथे अडकला होता. बाबा करतील की नाही, हे ती मला रोज विचारायची, जसं काही मला माहीत होतं.

तर प्रवास. संध्याकाळच्या गाडीने निघालो, सोबत पोळ्या, ठेचा आणि पिशवीभर संत्री. सकाळी कल्याणला उतरलो आणि म्हाताऱ्या माणसाला आणखी गाड्या बदलायला लावण्यापेक्षा टॅक्सी केली. स्वस्त नाही, आणि घोडबंदरच्या रस्त्यावर गाड्या अशा तुंबतात की समोरच्या टेम्पोवरचा मजकूर पाठ होतो, पण बाबांना पाय पसरून बसता आलं. वसईत स्टेशनजवळ साधी खोली घेतली. जेवणाला तळलेला बोंबील होता. मी खाल्ला, बाबांनी वरणभात खाल्ला आणि माझ्या ताटाकडे पाहून नाक मुरडलं. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा कशाला तरी नाक मुरडलं होतं, म्हणून मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रिक्षाने किल्ल्यावर. तिकीट नाही. पाणी आणि टोपी मात्र घरूनच न्या, आत दुकानं जवळजवळ नाहीत. चढणही नाही! किल्ला सपाटीवर, खाडीच्या काठाला पसरलेला आहे. आत पिंपळांनी भिंती फोडल्यात, चर्चची छपरं केव्हाच गेलीत, आणि दर दुसऱ्या कमानीखाली कोणीतरी जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत असतं. एका मुलीच्या लाल झग्याचा घोळ झुडपात अडकला होता आणि फोटोग्राफर तिला हसायला सांगत होता. बाबांना तिथून जायचं होतं, तर ते फोटो संपेपर्यंत हात मागे बांधून शांत उभे राहिले.

तटाजवळ मी त्यांना वाचलेलं सांगितलं. शेवटच्या हल्ल्यात आपल्या लोकांनी बुरुजाखाली सुरुंग पेरले होते. काही वेळेवर उडाले, काही उशिरा, आणि तोवर आपलीच माणसं वर चढलेली होती. हे सांगून झाल्यावर मला वाटलं, उगाच सांगितलं. बाबांनी दगडावर तळवा ठेवला.

"यादी असंन का गा कुठी? मेलेल्यांची?" त्यांनी तिथल्या रखवालदाराला विचारलं.

"सरदारांची नावं आहेत पुस्तकात, काका," तो म्हणाला. "बाकीच्यांची कोण लिहिणार?"

किल्ला जिंकणाऱ्या मराठा सेनापतीचं आत स्मारक आहे, छान राखलेलं. बाबांनी नमस्कार केला आणि पुढे निघाले.

मग एका छप्पर नसलेल्या चर्चमध्ये शिरलो, आणि जमिनीत थडग्यांच्या फरशा दिसल्या. वेढ्याच्याही आधी मेलेल्या पोर्तुगीजांच्या. अक्षरं झिजलेली, पण नावं लागतात. जे किल्ला हरून जहाजांत बसून गेले त्यांच्या माणसांची नावं आहेत, आणि ज्यांनी तो जिंकला त्यांच्या पोराचं नाही, याचा मला भयंकर राग आला. एक साठीच्या बाई फरशांवरून सावकाश चालत होत्या आणि प्रत्येक फरशीपाशी ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. सिसिलियाबाई, किल्ल्याजवळच्याच आळीतल्या. डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून रोज येतात.

"तुमचे कोण लागतात हे?" बाबांनी विचारलं.

"कोणीच नाही हो. आमची आई म्हणायची, यांच्या अंगावरून चाललोच आहोत तर नाव तरी घ्यावं. उच्चार चुकत असतील माझे." त्या हसल्या. "तुमचं कोणी आहे का इथे?"

"आहे. पण नाव माहीत नाही. त्याच्या बापानं घेऊच नाही दिलं."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचा चेहरा पडला. "मग पोराला हाक कोण मारणार?"

बाबा बाहेर पडले. मी मागोमाग दर्यादरवाजापर्यंत गेले. तिथून खाडी दिसते आणि मासळीचा वास येतो. ते पायरीवर बसले. मला त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या बापाचा राग आला होता, तो मी समोर बसलेल्यावर काढला.

"अन् तुम्ही काय करून राहिले, बाबा? आई गच्चीत उभी राहून बोलते त्याच्याबद्दल. चोरासारखी!"

बाबांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला.

"मले काय हौस आहे का वं? नाव घेतलं का तो दारात उभा दिसते मले. हेल्मेट हातात घेऊन. मंग मलेच दार लावा लागते पुन्हा." त्यांनी पंच्याने डोळे पुसले. "रोज कसं लावू?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि दोघंही रडलो. एक मासेवाली थबकली आणि आमच्यापाशी पाण्याची बाटली ठेवून गेली. तिला पैसे द्यायचे राहूनच गेले.

उरलेल्या दिवसात विशेष काही केलं नाही. सुकेळी घेतली, इथे केळी सुकवून पानात बांधून विकतात, ती जरूर घ्या. परतीच्या गाडीत बाबा वरच्या बाकावरच्या माणसाशी संत्र्यांच्या भावाबद्दल बोलले. नितीनचं नाव काही त्यांनी घेतलं नाही, आणि मीसुद्धा विषय काढला नाही. आईला फोनवर काय सांगू, म्हणून मी फोनच केला नाही.

बरेच जण विचारतील, सहल फुकट गेली का? पूर्वजाचं नाव सापडलं नाही, ते सापडणारही नाही. तो एवढ्या मोठ्या किल्ल्यात कुठे पडला तेही कळलं नाही. ज्यांच्या घरी असं एखादं निनावी पान वाढत असेल त्यांनी तरी जाऊन यावं, एवढंच म्हणेन. हिवाळ्यात जा.

सकाळी दहाला घरी पोचलो. आईने दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ती बाबांच्या हातातली पिशवी घ्यायला वाकली.

"जड आहे, राहू दे," बाबा म्हणाले. "नितीन असता तं स्टेशनवर घ्याले आला असता."

आई तशीच वाकलेली राहिली. मग खाली उंबऱ्याशी बसली, आमच्या चपलांमध्ये.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

बाबांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना ते पुरं करता आलं नाही, ते आईने केलं.