दाराकडे बघणारी आई

आईच्या नजरेचा मधला भाग गेला, आता कडेकडेचं तेवढं दिसतं. तरी तिचं फारसं अडत नाही. तांदूळ काळ्या ताटात घेऊन निवडते आणि माणूस पाहायचा असला की त्याच्या शेजारी बघते. काल मी निघालो तेव्हा दाराकडे बघत म्हणाली, "दाढी वाढलीय तुझी."

दाराकडे बघते म्हणजे मला बघते, हे माझ्या अंगवळणी पडलंय. पण मी पाया पडून उठलो आणि तिने माझी हनुवटी धरून थेट डोळ्यांत पाहिलं. लहानपणापासून ती मला निरोप असाच देते. तिथे आता तिला नुसता करडा डाग दिसत असणार. तरी ती बराच वेळ बघत राहिली, आणि मी त्या डागामागून हसत राहिलो.