यादीतला ‘पाक’

जकार्त्याला मी सात वेळा जाऊन आले आहे, हनोईला चार वेळा. चाकणला मात्र एकदाही गेले नव्हते. सांगलीची मुलगी, पुण्याला शिकलेली, आणि चाकण पाहिलं नाही असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा संशयानं पाहतात, आणि ते बरोबरच आहे. दिल्लीतल्या एका अभ्यासकेंद्रात बसून मी बावीस वर्षं आग्नेय आशियातल्या देशांच्या परराष्ट्र धोरणावर लिहिते आहे. सांगलीत माझ्या वहिनीला ‘आग्नेय’ म्हटलं की स्वयंपाकाचा ओटा आठवतो. मी नेमकं काय काम करते हे तिला अजून समजावता आलेलं नाही. या वेळी मात्र सांगण्यासारखं काहीतरी घडलं, म्हणून घरच्यांसाठी हे सगळं लिहून काढते आहे.

सुरुवात दिल्लीतच झाली. इंडोनेशियाच्या एका संशोधन संस्थेबरोबर आमचा तीन वर्षांचा अभ्यास ठरत होता. सागरी सुरक्षा आणि शिखर परिषदा जरा बाजूला ठेवून दोन देशांतली कामकरी माणसं एकमेकांशी कशी जोडली गेली आहेत ते पाहायचं होतं. ही कल्पना माझी, म्हणून जीवही माझाच टांगलेला. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. हा अभ्यास उभा राहिला नाही तर माझं कपाट कुलूप लावून कोणाच्या तरी ताब्यात जाणार, एवढंच.

सही करायची होती त्या संस्थेच्या प्रमुखांना, विर्या यांना. साठीचे, ठेंगणे, अंगात कायम बाटिकचा रंगीत शर्ट. दोन दिवस हॉटेलातली चर्चा त्यांनी शांतपणे ऐकली आणि शेवटी म्हणाले, “तुम्ही आमच्याविषयी बोलता तेव्हा समुद्र, जहाजं आणि चीन. आम्हाला ओळखणारा एक माणूस मला या देशात दाखवा. अभ्यासक नको. मग सही करतो.”

आमचे संचालक छताकडे पाहू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, “चाकणला चला!”

चाकणच का? तर तिथे दत्ताभाऊ आहेत. मूळचे लातूरकडचे, गाड्यांना लागणारे रबराचे सुटे भाग बनवतात. एकदा माझा लेख वाचून त्यांनी थेट फोन केला होता, इंडोनेशियाचं रबर महाग का झालं म्हणून. बावीस वर्षांत मला आलेला वाचकाचा तेवढा एकच फोन. तो मी कसा विसरेन?

विर्या आणि मी पुण्याजवळ कासारवाडीला एका साध्या विश्रामगृहात उतरलो. सकाळी पोहे खाऊन खाली आलो तर रस्त्याच्या कडेनं माणसांच्या रांगा. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे.

“मिरवणूक आहे का?” विर्यांनी विचारलं.

“कंपनीच्या बसची वाट पाहताहेत.”

एकेक बस यायची, दहा-पंधरा माणसं उचलायची, की मागे लगेच दुसरी हजर. विर्या लहान मुलासारखे बसवरची नावं वाचत होते, आणि खरं सांगायचं तर मीही वाचत होते. एवढी माणसं रोज सकाळी कुठं जातात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. नाशिक फाटा गेला, भोसरी गेली आणि मोशीच्या पुढे गाडी जी थांबली ती थांबलीच. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मधल्या फटीतून दुचाक्या. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “मॅडम, आता चहा पिऊन आलात तरी गाडी इथंच सापडंल.”

मी विर्यांची माफी मागू लागले तर ते खूश. “माचेत! (त्यांच्याकडे वाहतुकीच्या कोंडीला असं म्हणतात.) आता मला घरी आल्यासारखं वाटतंय.”

अकराच्या सुमाराला दत्ताभाऊंच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचलो, आणि तिथंच घोळ झाला.

घोळाचं मूळ मी स्वतः. विर्यांना आम्ही सगळे ‘पाक विर्या’ म्हणतो. पाक हे बापाक या शब्दाचं लहान रूप. बापाक म्हणजे वडील, आणि वडीलधाऱ्या पुरुषाला मान देऊन म्हणायचं तेही पाकच. सवयीनं मी दत्ताभाऊंना फोनवर सांगितलं होतं, “पाक विर्या येताहेत, जकार्त्याहून.” तिथल्या ऑफिसनं पाहुण्यांच्या यादीत टाइप केलं: विर्या (पाक).

फाटकावर सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ होते, अंगावर खाकी, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली, विर्यांकडे पाहिलं, पुन्हा यादी वाचली.

“ताई, तुमी जावा आत. ह्ये पावनं मातर हितंच थांबत्याल.”

“का हो?”

“यादीत काय लिवलंय बगा की. पाक! पाकचा मानूस म्हंजी वरनं परमिशन लागती. मालकांनी सांगितलं तरी मला न्हाई सोडता यायचं.”

बावीस वर्षांचा अभ्यास, आणि माझा पाहुणा वर्तमानपत्रातल्या मथळ्याच्या एका शब्दानं अडवला जाणार! मी घाबरत विर्यांकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा तर उजळला होता.

“ऐकलंत?” ते हळूच म्हणाले. “हा माणूस मला पाक म्हणतोय! दोनदा म्हणाला!”

आता काय करावं? खरं सांगावं तर पाहुण्याचा अपमान, गप्प राहावं तर लबाडी. मी लबाडी निवडली. फाटकावरच्या आजोबांना बाजूला घेतलं आणि घाईघाईनं समजावलं, “अहो, तो देश नव्हे. ते इंडोनेशियाचे. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला मानानं बापाक म्हणतात, त्याचंच पाक होतं. आपण बापू म्हणतो ना, तसंच.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “बापू? अवो, मलाबी सगळी बापूच म्हणत्यात. आदीच सांगायचं की, ताई!”

त्यांनी खिशातलं पेन काढलं. यादीतला पाक हा शब्द एका सरळ रेघेनं खोडला आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं: बापू. मग फाटक सताड उघडलं. “या, बापू, या!”

विर्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. मी सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता सुटला नव्हता.

आत शिरताच रबराचा वास आला, जळकट आणि आंबूस. दत्ताभाऊ पळतच आले. “या या, सर! लई वाट बघायलो तुमची!” शेडमध्ये दोन जाडजूड लोखंडी रूळ एकमेकांवर फिरत होते आणि त्यांतून रबराची काळी लादी गुंडाळत बाहेर येत होती. याला इथे नुसतं ‘मिल’ म्हणतात. मिलवर अंकुश नावाचा चाळिशीतला कामगार होता, तोही मराठवाड्याचा. बाजूला रबराचे गठ्ठे रचलेले. दत्ताभाऊंनी त्याला विचारलं, “आज काय चालू हाय रे?”

“सर चालू हाय.”

मला वाटलं तो दत्ताभाऊंना सर म्हणतोय. पण नाही. गठ्ठ्यावर इंग्रजीत एस-आय-आर अशी तीन अक्षरं होती, इंडोनेशियाच्या रबराची खूण. इथले कामगार ती सरळ ‘सर’ अशी वाचतात. सर आला, सर संपला, सर ओला आहे, असं दिवसभर चाललेलं असतं. मी हे विर्यांना सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “म्हणजे चाकणमध्ये माझ्या देशाला सर म्हणतात!”

“आणि व्हिएतनामला?” त्यांनी लगेच विचारलं. शेजाऱ्याशी बरोबरी केल्याशिवाय कोणत्याच देशाला चैन पडत नाही, हे मी माझ्या लेखांत फार जड शब्दांत लिहिलेलं आहे.

अंकुशनं मोकळेपणानं सांगितलं, “त्यांचं दिसाया उजळ ऱ्हातंय. पर सरला ओढ जास्त, ताणलं तरी तुटत नाही. डोळे झाकून द्या, वासावरनं सांगतो कोणतं ते.” मग त्यानं हात पुसत विर्यांना विचारलं, “सायब, औंदा तुमच्याकडं पाऊस लई झाला का?”

“का विचारतो हा?”

“गठ्ठे उशिरा यायलेत ना. दरवेळी तसंच होतंय. तिकडं पाऊस लागून राहिला की हिकडं माझी मिल थांबतीय.”

मी भाषांतर केलं आणि विर्या गठ्ठ्याजवळ गेले. वाकले, त्यावर तळहात ठेवला. मग सांगू लागले. त्यांचे वडील सुमात्रात रबराच्या झाडांचा चीक काढायचे. पाऊस असला की झाडाला चीर देता येत नाही, मग वडील दिवसभर ओसरीवर बसून आभाळाकडे बघायचे. “हा वास माझ्या बापाकच्या सदऱ्याचा,” ते म्हणाले. शिखर परिषदांवर मी एवढं लिहिलं, पण सुमात्रातल्या ओसरीवरचा पाऊस चाकणमधली मिल थांबवतो हे मला अंकुशनं सांगितलं.

जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा आणि हिरव्या मिरचीचा शेंगदाणे घालून केलेला ठेचा. ठेचा जिभेवर ठेवताच विर्यांनी टेबलावर थाप मारली. “सांबल! (त्यांच्याकडचा मिरचीचा ठेचाच.) आई खलात असाच वाटायची.” दत्ताभाऊंनी आणखी वाढला. विर्यांच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि ते थांबायला तयार नव्हते.

मग त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे हात पुढे केला. “कागद द्या. सही करतो.”

मी दचकले. हेच तर हवं होतं!

“अंकुशनं मला जिंकलं,” ते म्हणाले. “तरी गिऱ्हाईक माल ओळखणारच. पण फाटकावरच्या म्हाताऱ्यानं माणूस ओळखला. यादी बघितली आणि पाक म्हणाला. दिल्लीत मंत्रालयातले लोकही मला मिस्टर म्हणतात.”

कागद माझ्या पिशवीत होता. पिशवीची चेन मी उघडली आणि पुन्हा लावली. “निघताना करू या,” म्हटलं, “हाताला ठेच्याचं तेल आहे.” त्यांनी आताच हात धुतले होते.

निघताना फाटकाशी मला राहवेना. तीन वर्षांचा अभ्यास करायचा तोच एकमेकांना नीट ओळखण्यासाठी, आणि त्याची पहिली ओळ खोटी? मी थांबले आणि विर्यांना सगळं सांगून टाकलं. पाक म्हणजे इथे काय समजतात ते, तुम्हाला अडवलं होतं ते, आणि मी गप्प राहिले तेही. बोलताना माझे कान तापले होते.

विर्यांचा चेहरा कोरा झाला. “ती यादी बघू,” ते म्हणाले.

बापू घाबरले. “काय चुकलं का, ताई?”

“नाही हो. त्यांना बघायची आहे.”

विर्यांनी खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. “मी अडकलो तो शब्द हा. आणि वर?”

“बापू.”

“कोणी लिहिलं?”

“यांनीच. यांनाही इथं बापूच म्हणतात.”

विर्यांनी मोबाइल काढून त्या ओळीचा फोटो घेतला. बापूंनी मला विचारलं, “त्यांच्याकडं फाटकावर कोन असतंय, इचारा की.” मी विचारलं. विर्या म्हणाले, “तिथंही एक पाकच असतो.” हे सांगितल्यावर बापू समाधानानं हसले. “मंग झालं की! सगळीकडं बापूच.”

मी कागद काढून पुढे धरला. विर्यांनी तो पाहिला आणि मान हलवली. “पिकिर-पिकिर दुलू,” ते म्हणाले.

आपल्या ‘फिकीर’चाच हा भाऊ, पण तिकडे पिकिर म्हणजे विचार. ‘आधी जरा विचार करू.’ सात वेळा जकार्त्याला गेलेल्या बाईला याचा खरा अर्थ सांगायला लागत नाही. आपण ‘बघू’ म्हणतो तोच. सभ्यपणानं दिलेला नकार.

परतताना मोशीला पुन्हा कोंडी. विर्या डोळे मिटून बसले होते. समोरून दुसऱ्या शिफ्टच्या बस भरून येत होत्या. सकाळी ज्या बसगाड्यांवरची नावं मी हौसेनं वाचली होती त्या आता नुसत्या जात होत्या. बोलले नसते तर? हा प्रश्न मी स्वतःला कासारवाडीपर्यंत विचारत राहिले. उत्तर एकच येत होतं, की बोलले नसते तर आयुष्यभर त्या सहीकडे बघवलं नसतं. पण त्यानं काही गेलेली सही परत येत नव्हती.

दिल्लीला परतले. संचालकांनी विचारलं, “सही?” मी म्हटलं, “विचार करताहेत.” त्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं. मी कपाट आवरायला घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात जकार्त्याहून पाकीट आलं. आत संमतीच्या कागदाची त्यांच्याकडची प्रत, सही केलेली, आणि सोबत दोन ओळींचं पत्र: पहिली बैठक हॉटेलात नको, चाकणच्या त्या कँटीनमध्ये हवी, अंकुशची सुट्टी नसेल अशा दिवशी. मी उभ्या उभ्या ओरडले. शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

त्यांना काही सांगण्याआधी मी कागदाच्या तळाशी पाहिलं. सहीखाली नाव लिहायची जागा असते तिथे शाईनं, पहिलीच्या पोरासारखी वाकडीतिकडी देवनागरी अक्षरं काढलेली होती. फोटोवरून रेघ न् रेघ उतरवलेली. आधी विर्या, मग पाक, त्या पाकवर एक सरळ रेघ, आणि त्याच्या डोक्यावर बापू.

आमच्या टंकलेखकानं विचारलं, “मॅडम, नावात खाडाखोड आहे. स्वच्छ प्रत मागवू का?”

“नको,” मी म्हटलं. “त्यांचं नाव तसंच आहे.”