बॉनेटमधली ओटी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर राहू दे, चहा घ्या आणि सुटा!

माझ्या बायकोनं, शुभदानं, हे एवढ्या जणांना सांगितलंय की आता माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. निदान माझी बाजू तरी येईल. माझी बाजू तशी फारशी नाहीये म्हणा.

तेव्हा आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाजारात नवनव्या गाड्या यायला लागल्या होत्या. ऑफिसात फायली बाजूला सारून लोक मायलेजवर चर्चा करायचे. डबा खाताना एसी, पार्किंगमध्ये बुकिंग, आणि मी? मी बापडा बसच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघत घरी जायचो.

अशात आमचे पाटोळेसाहेब रिटायर झाले. पाटोळेसाहेब म्हणजे कोण सांगू? मी पहिल्यांदा दिल्लीत उतरलो तेव्हा थंडीत कुडकुडत मला स्टेशनवर घ्यायला आलेला माणूस! मूळचे नगरचे, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे. मला क्वार्टर मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिलो, काकूंच्या हातचं जेवलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती एक पांढरी छोटी गाडी, आणि तिचे लाड बघून लोक पोरांचे लाड करायला शिकायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी गुडगावला, शेतांच्या मधोमध उठलेल्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. नजर अधू झाली होती, गाडी चालवणं बंद झालं. डीलर दारात उभा होता, तरी साहेबांनी मला बोलावलं.

"सुधीर, लेकीसारखी सांभाळलीय रे. डीलरला नाही देणार. चांगल्या घरी पडू दे."

किल्ली हातात देताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. 

गाडी घरी आली. एसटीडी बूथवरून साताऱ्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, "अरे, लक्ष्मी आलीय घरात. तिची ओटी भरा!"

शुभदानं ताट केलं. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. प्रश्न एकच, गाडीची ओटी भरायची कुठे? शुभदा म्हणाली, "पुढच्या सीटवर ठेवू, सोपं पडेल." पण मी पडलो हुशार!

"सीटवर? अगं, ओटी पोटाशी भरतात. गाडीचं पोट कुठे असतं? इंजिनात!"

असं म्हणून मी बॉनेट उघडलं, आत हळदीकुंकू वाहिलं, बॅटरीच्या बाजूला एक छान खोलगट जागा होती तिथे खणात गुंडाळलेली ओटी ठेवली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे चड्ढाजी हाका मारत आले, "दातारजी, बधाई हो! मिठाई कहाँ है?" मी थाटात बॉनेट लावलं आणि पेढे वाटायला धावलो.

दुसऱ्या दिवशी शुभदा म्हणाली, "ओटीचा नारळ कुठाय? खोबऱ्याच्या वड्या करते."

"कुणीतरी प्रसाद म्हणून नेला असेल," मी पेपरातून मान न काढता सांगितलं.

आणि त्याच दिवसापासून गाडी आवाज करायला लागली.

साधासुधा आवाज नाही! वळण घेतलं की गडगडगड... टक्! ब्रेक मारला की पुन्हा टक्!  मी चड्ढाजींना बोलावलं. चड्ढाजी व्हिजिलन्समध्ये होते. आयुष्यभर लोकांच्या भानगडी शोधलेल्या, त्यामुळे माणूस, फाईल आणि इंजिन तिन्हींकडे एकाच नजरेनं बघायचे. बंद बॉनेटला त्यांनी कान लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"पिस्टन गया."

"अहो चड्ढाजी, गाडी तो बंद है अभी!"

"तभी तो. बिल्कुल चुप है. गया."

दोन दिवसांनी वास यायला लागला. काहीतरी खरपूस भाजल्याचा. शुभदा म्हणाली, "अहो, हा करंजीच्या सारणासारखा वास आहे."

"तुला सगळीकडे फराळ दिसतो! ऑइल जळतंय ते."

"बॉनेट उघडून बघा तरी एकदा."

"तुला यातलं काय कळतं?"

हे वाक्य मी बोललो. साक्षीदार आहेत. अजूनही आठवड्यातून एकदा मला ते ऐकवलं जातं.

आणि मग कहर झाला! शनिवारी सफदरजंगच्या सिग्नलला उभा होतो, तर बॉनेटखाली फट्ट! पाठोपाठ फस्सकन वाफ! मागचे हॉर्न वाजवतायत, शेजारचा स्कूटरवाला "भाई साब, आपका इंजन फट गया" असं सांगून निघून गेला, आणि मी स्टीअरिंग धरून पुतळा झालेला. कसाबसा घरी आलो.

डोक्यात राख घालून घेतली मी. बॉनेट उघडायला हात घातला, तर चड्ढाजी ओरडले, "खबरदार! खोलना मत! खोला तो कहेंगे आपने ही छेड़छाड़ की. ये सबूत है, सबूत!"

खरंच की! आम्ही दोघंही सरकारी माणसं. पुरावा म्हटल्यावर अंगात संचारलंच. चड्ढाजींनी कागदाच्या पट्ट्या आणल्या, मी डिंक आणला, बॉनेटच्या फटीवर चिकटवून दोघांनी वर सह्या ठोकल्या. पंचनामाच की! शुभदाला साक्षीदार म्हणून सही कर म्हटलं, तर ती सरळ आत निघून गेली.

मग मी पाटोळेसाहेबांना फोन केला.

"साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. खराब इंजिनची गाडी गळ्यात मारलीत माझ्या!"

 पलीकडून एवढंच आलं, "उद्या घेऊन ये गाडी. बघू."

त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा वाटला. फोन ठेवला. गाडी एक वेळ जाऊ दे, पण दिल्लीत आपलं म्हणावं असं एकच घर होतं, तेही आता तुटलं असं वाटलं. पण मागे हटणार कसा? पट्ट्यांवर सही झाली होती ना!

रविवारी निघालो. मी, शुभदा आणि मुख्य पंच चड्ढाजी. गाडी बैलगाडीच्या वेगानं चालवत, प्रत्येक वळणाला टक्, टक् ऐकत आम्ही गुडगावला पोचलो. साहेब खाली पार्किंगमध्येच उभे होते. चर्चहून आलेले, तेच कपडे अंगावर. काकू बाजूला, पदराचं टोक बोटांत गुंडाळत. साहेब माझ्याकडे बघेनात. त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा.

मी घसा खाकरून भाषण केलं. विश्वास, माणुसकी, मराठी माणूसच मराठी माणसाला कसा बुडवतो, काही म्हणून ठेवलं नाही!

"झालं?" साहेब म्हणाले. "उघड आता."

चड्ढाजींनी वाकून पट्ट्या तपासल्या. "मोहर सही-सलामत है. दस्तखत हमारे ही हैं. खोला जाए!"

बॉनेट वर गेलं.

आत अर्धवट करपलेला हिरवा खण. सगळ्या इंजिनावर अक्षता उधळल्यासारखे तांदूळ. बॅटरीवर कुंकू. आणि मध्ये, तडा गेलेला, एका अंगानं खरपूस भाजलेला नारळ!

 शुभदानं तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलायला लागले.

चड्ढाजींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "दातारजी, ये कौन सा पुर्जा है?"

साहेबांनी नारळ उचलला, डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "सुधीर, इतकी वर्षं मी हिला तेल घातलं, पाणी घातलं. ओटी भरायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलंच माझं."

आणि असे हसले, असे हसले की त्यांना गाडीलाच टेकावं लागलं. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "काल झोपलो नाही रे मी. वाटलं, नजरेला दिसत नाही म्हणून माझ्याच हातून काही राहून गेलं की काय."

त्या क्षणी मला बॉनेटमध्ये घालून वरून पट्ट्या चिकटवल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं. मी खाली वाकून त्यांचे पाय धरले. "ऊठ, ऊठ, कपड्यांना ग्रीस लागेल," एवढंच ते म्हणाले.

तोवर चड्ढाजींनी नारळाचा तुकडा काढून तोंडात टाकलाही होता. "इंजन तो बढ़िया है जी. बस, चीनी कम है."

मग वर चहा झाला, जेवण झालं. कढी वाढताना काकूंनी मला आधी वाढलं, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला. निघायची वेळ झाली तशा काकू आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या ताट घेऊनच! नवा नारळ, तांदूळ, एक ब्लाउजपीस, शेजारणीकडचं कुंकू.

"आमच्यात हे नसतं फारसं," काकू म्हणाल्या, "पण लेक माहेरी आलीय. रिकामी कशी पाठवू?"

मी सवयीनं बॉनेटकडे वळलो.

"खबरदार!" चौघंही एकदम ओरडली.

साहेबांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि शुभदाला दिली. "सूनबाई, लायसन तुझंही आहे ना? तू चालव. आणि ह्याला मागे बसव."

मी निमूटपणे मागच्या सीटवर बसलो. काकू खिडकीतून वाकल्या, इकडेतिकडे जागा शोधली आणि शेवटी तो खण, तो नारळ, ते तांदूळ सगळं माझ्याच मांडीवर ठेवलं. वर रीत म्हणून माझ्या कपाळाला कुंकूही टेकवलं.

गाडी अख्ख्या रस्त्यात एकदाही वाजली नाही. चड्ढाजी पुढच्या सीटवरून सारखे वळून बघत होते आणि विचारत होते, "दातारजी, तबियत ठीक है ना? मोड़ है आगे, संभाल के. इस हालत में झटका नहीं लगना चाहिए!"