अप्पाचं गंधकाचं डांबर

नागनाथअप्पा गेल्याची बातमी मला जिंतूरच्या अडतीवर कळली. कापसाच्या भावावरून मी एका दलालाशी भांडत होतो. मध्येच कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमचा अप्पा गेला की." मी म्हणालो, "माझा कुठला?" आणि भाव ठरवूनच उठलो. लोकांना ते वाईट दिसलं. दिसू दे. निजामाच्या राज्यापासून ज्याच्याशी मी बोललो नव्हतो, त्याच्यासाठी सौदा अर्धा टाकून उठायची मला सवय नाही...

आता महिना होत आला. जो तो अप्पाच्या मोठ्या मनाबद्दल बोलतो. त्या मोठ्या मनाची झळ ज्याला बसली, त्यानंही चार ओळी लिहाव्यात.

अप्पा हलवायाच्या घरातला, मी खडी फोडणाऱ्याच्या. खडी फोडता फोडता मी रस्त्यांची कामं घेणारा गुत्तेदार झालो आणि लहानपणचा दोस्त म्हणून त्याला भागीदार केलं. तेव्हा आमच्याकडे डांबरी रस्त्याचे लहान लहान तुकडे होऊ लागले होते. जिंतूरकडचा एक मी भांडून मिळवला. पण उन्हाळ्यात डांबर पातळ व्हायचं, बैलगाडीच्या लोखंडी धावा त्यात रुतायच्या आणि चाकाबरोबर खडी उपटून यायची. तामीरात म्हणजे बांधकाम खात्याच्या साहेबानं बजावलं, "येत्या उन्हाळ्यात एवढा तुकडा टिकला तर पुढचा सगळा रस्ता तुम्हाला. नाही टिकला तर तोंड दाखवू नका." त्या पुढच्या रस्त्यावर माझा सगळा जीव टांगला होता.

मोटारीचं रबर गंधकानं घट्ट करतात, हे अप्पानं परभणीच्या एका पंक्चरवाल्याकडून ऐकलं होतं. मग डांबर का होणार नाही, म्हणून तो कढईच्या मागे लागला. किती डांबर नासलं, किती उतू गेलं... कुजक्या अंड्यासारखी वाफ सुटायची, मजूर पळायचे, हा मात्र कढईवर वाकलेलाच. आच उतरवल्याशिवाय गंधक घालायचं नाही, घालायचं तेही चिमटीचिमटीनं, ढवळत, हे त्याला हळूहळू उमगलं. शेवटी डांबराचा थेंब पाण्यात निववून तो पाकासारखी तार बघायला लागला.

मी म्हणालो, "अप्पा, लाडू वळायलास का रस्ता करायलास?"

"गप बस, गुत्तेदार. तुझ्या रस्त्याला तार आली."

आली होती खरी. त्या उन्हाळ्यात भरलेल्या गाड्या गेल्या, पण रस्त्यावर चरा उठला नाही. साहेबानं बुटाची टाच दाबून बघितली आणि मान हलवली. त्याच संध्याकाळी महादेवाच्या देवळात आम्ही दोघांनी शपथेचा बेल उचलला. पुढचा रस्ता हातात येईपर्यंत ही गोष्ट तिसऱ्या कानाला कळू द्यायची नाही.

पण गंधकाची पोती लपवणार कुठे? पाथरीकडच्या एका गुत्तेदाराला तेवढंच कळलं. देवगाव फाट्याजवळ त्याच्या माणसांनी उकळत्या डांबरात अख्खं पोतं ओतलं. डांबर फसफसून बाहेर आलं आणि वाफेनं दोन बाया जागेवर कोसळल्या. त्या वाचल्या. हे ऐकून अप्पा माझी पेटती कढई सोडून निघून गेला. मी मागोमाग पोचलो, तर हा परक्या कढईपाशी उभा राहून त्यांना आच कमी करायला लावत होता.

"बेल उचलला होतास, अप्पा!"

"उचलला हुता. बाया पडल्या, तवाच बेल मोडला."

"मग सांगायचं, गंधक घालू नका. झालं!"

"ऐकतेत व्हय? तुझा रस्ता टिकलेला समद्यांनी बघितलाय. ते घालणारच. नीट तरी घालू दे."

"किती घेतलंस त्याच्याकडून?"

अप्पानं माझ्याकडे बघितलं. "तू लय मोठा झालास रे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा ढवळायला लागला.

आता त्याचंही डांबर टिकणार होतं; साहेबाचा शब्द बाजूला पडला आणि पुढचा रस्ता पाथरीवाल्यानं माझ्याहून कमी भाव लावून उचलला. त्यानं अप्पाला विकत घेतलं, हे मी पोलीस ॲक्शनच्या आधीही सांगत होतो आणि नंतरही. पुढे अप्पानं वडिलांचं मिठाईचं दुकान बंद केलं, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. आयतं मिळाल्यावर कोण भट्टीपुढे बसेल?

घरातल्यांनी भरीस घातलं म्हणून परवा मी भेटायला गेलो. अप्पाच्या मुलाला सरळच विचारलं, "पाथरीवाल्यानं काय दिलं होतं?"

"काय बी न्हाई, काका. दादांनी मागितलंच न्हाई."

"मग दुकान का बंद केलं?"

"त्यांचं नाक गेलं हुतं. डांबराच्या कामापासून वासच येत नव्हता. तूप खवट झालेलं कळंना. दोनदा गिऱ्हाईकांनी मिठाई आणून तोंडावर टाकली. तुमाला ठाऊक न्हाई?"

ठाऊक कसं असणार? माझं काय गेलं ते मी गावभर सांगितलं. त्याचं काय गेलं ते त्यानं मला कळूच दिलं नाही. विकलं असतं तर मला समजलं असतं. विकणारी माणसं मी रोज बघतो, त्यांच्याशी मला भांडता येतं. हा मात्र फुकट देऊन बसला आणि वर गप्प राहिला... त्याला मी हे कधीच माफ करणार नाही.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. खिडकीजवळच्या अप्पाच्या रिकाम्या बाजेशी येऊन तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "मामा, आज आलं घातलंय." बाजेकडे धरलेला कप तसाच राहिला. घरातलं काहीही पुढे ठेवताना त्याचा वास सांगायचा, हे इतक्या वर्षांचं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तोच कप तिनं वळून माझ्या हातात दिला.

आल्याचा वास मला येत होता.