कासवांच्या वाटेवरचे अकरा दिवे

ज्याच्या माथ्यावर चंद्राची एक कोर पुरेशी होते, त्या शिवशंकराला वंदन करून, गतवर्षीच्या महाशिवरात्रीस एका निर्जन समुद्रकिनाऱ्यावर माझ्या हातून जे घडले ते लिहावयास बसलो आहे. किनाऱ्याचे नाव मुद्दाम सांगत नाही. तेथे गर्दी होऊ नये असे मला वाटते, आणि का वाटते ते पुढे कळेलच.

मी जन्माने पेणचा. नोकरीची सारी वर्षे रोह्याच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. त्या माघात माझ्या पत्नीच्या मानेवर एक गाठ आढळली. पेणच्या डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून मुंबईस तपासणीला पाठवला आणि शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अहवाल न्यायला बोलावले. मधल्या दिवसांत मी संकल्प केला की, एकादश रुद्रांच्या नावे समुद्रतीरी अकरा दिवे लावीन, आणि एकदा लावल्यावर त्यांना हात लावणार नाही. तेल संपून ते आपापले शांत व्हावेत. याला मी मनातल्या मनात एक शेपूटही जोडले होते, जे पत्नीला सांगितले नव्हते. अकराही दिवे शेवटपर्यंत तेवले, तर अहवाल चांगला येईल! या अटीला शास्त्रात कोठेही आधार नाही हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी ती घातली.

धाटावच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा आणि सुट्टीच्या दिवशी रिक्षा चालवणारा एक ओळखीचा गृहस्थ आम्हांला घेऊन निघाला. कुंडलिका नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला, मग सुरूच्या बनातून वाळूपर्यंत. दिवस मावळला होता. रिक्षा बनाच्या कडेला लावून तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं चालू द्या सावकाश. मी हितंच पडतो. रात्रपाळी करून आलोय, जरा डोळा लागंल."

इतका अंधार आणि इतकी शांतता मी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. रोह्यात आमच्या गच्चीवरून कारखान्यांचे दिवे रात्रभर दिसतात. पेणला गेलो, तर डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या बाजूचे आकाश मध्यरात्रीही तांबूस असते. येथे मात्र चतुर्दशीचे आकाश काळेभोर होते आणि तारे जणू हाताच्या अंतरावर आले होते. ओहोटीमुळे समुद्र दूर गेला होता. त्याचा आवाज शेजारच्या खोलीत कोणी संथ पाठ म्हणत असावे तसा येत होता. वारा पडला होता. वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीच्या कडेला, कोरड्या वाळूत मी ओल्या वाळूची पिंडी घडवली, बेल वाहिला, आणि पिंडीभोवती उंचवटा करून त्यावर अकरा पणत्या मांडल्या. तिळाचे तेल घातले. वाती पेटल्या. आम्ही दोघे पिंडीमागे, समुद्राकडे तोंड करून बसलो.

"किती बरं वाटतंय हो," पत्नी म्हणाली. "ही गाठ आहे हेसुद्धा विसरायला झालं."

"मग आठवण कशाला काढलीस?"

"विसरले हे सांगायला तरी काढायलाच हवी ना!"

आम्ही हसलो. उपासाची रताळी खाल्ली. मी रुद्र म्हणू लागलो. दिवे स्थिर तेवत होते, आणि माझे अर्धे लक्ष, हे कबूल करतो, मंत्रांत नसून तेलाच्या पातळीवर होते.

तोच समोरची, म्हणजे समुद्राच्या बाजूची, चार हातांवरची वाळू हलली. प्रथम वाटले, खेकडा असेल. मग ती वाळू उकळत्या पेजेसारखी खदखदू लागली आणि तिच्यातून काळे, ओलसर, तळहातावर मावेल असे काहीतरी वर आले. त्यामागे दुसरे. मग दहा, वीस, मोजता येईनात. पत्नीने माझा दंड घट्ट धरला. "अहो, कासवं! कासवाची पिल्लं!"

ती सगळी आमच्याच दिशेने येत होती.

वाचकहो, प्रत्येक शिवालयात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. लहानपणापासून त्याला हात लावून, मगच मी शिवदर्शनाला पुढे गेलो आहे. येथे वाळूच्या पिंडीपुढे जिवंत कासवे चालून येत होती! मी हात जोडले आणि पत्नीला म्हणालो, "प्रसाद मिळाला. उद्याची चिंता सोड." ती रडत होती. मीही रडत होतो. पिल्ले येत होती, आणि मी त्यांच्यासाठी आवाज चढवून मंत्र म्हणत होतो.

पहिले पिल्लू उंचवटा चढून पणतीवर गेले. पणती कलंडली, तापलेले तेल त्याच्यावर सांडले आणि सांडलेल्या तेलासकट वात भडकली. जळल्याचा वास आला. ते इवलेसे वल्ह्यासारखे पाय दोनदा हलले. मागून येणारे दुसरे पिल्लू थांबले नाही, वळले नाही. त्याच ज्वाळेकडे सरकत राहिले. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही.

माझा आवाज ऐकून बनातला रिक्षावाला दचकून उठला आणि त्याने रिक्षाचा मोठा दिवा लावला. प्रकाशाचा झोत वाळूवर पडताच पिल्लांची अख्खी रांग आम्हांला वळसा घालून बनाकडे निघाली.

"अय रिक्षावाल्या! लायट बंद कर आदी! पिल्लां मारतोस काय?"

किनाऱ्यावरून एक कोळीण धावत येत होती. मागाहून कळले की पलीकडच्या टोकाला कासवांच्या अंड्यांभोवती जाळी लावलेली असते आणि त्यांची राखण ती करते. हे घरटे मात्र कोणाच्याच नजरेस पडले नव्हते.

"बाई, मला काय ठावं! गुरुजी वरडले म्हणून लावली!" म्हणत त्याने दिवा बंद केला. तशी बरीच पिल्ले पुन्हा पणत्यांकडे वळली. मग कोळीण आम्हांला म्हणाली, "बाबा, ते दिवं इझवा! पिल्लांना उजेड दिसतो तिकडं दर्या वाटतो. दर्या ऱ्हायला मागं नि ही चालली तुमच्या दिव्यांवर. इझवा म्हनते ना!"

आमच्या घरात दिव्याच्या बाबतीत 'विझवणे' हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत. मी पुढे वाकलो, हात लांबवला, आणि तो तेथेच थांबला. एक कलंडला, तरी दहा दिवे अजून तेवत होते. माझ्या मुखातून एवढेच निघाले, "आजच्या दिवशी... माझ्या हातानं..." आणि त्या क्षणी मला जो धक्का बसला तो पिल्लू जळताना बसला त्याहून मोठा होता. एक जीव डोळ्यांदेखत जळाला होता, शंभर त्याच वाटेवर होते, आणि मी हिशोब मांडीत होतो की माझ्या पत्नीचे काय होईल.

"संकल्प माझ्यासाठी होता ना?" पत्नी म्हणाली. "मग सरा बाजूला." तिने ओंजळभर वाळू घेतली आणि पहिल्या पणतीवर घातली. मग दुसरीवर. तिला वाकताना मान दुखत होती, ते मला दिसत होते. तेव्हा कोठे माझे हात सुटले. उरलेले दिवे आम्ही दोघांनी मिळून वाळूखाली घातले. शेवटचा माझ्या हाताने शांत झाला.

मग जो अंधार झाला तसा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

"आता हलायचं नाय," कोळीण हळू आवाजात म्हणाली. "पाय उचलला तर पिल्लू चिरडंल. आजी, तू बस हितंच. बाबा, तुम्ही तसंच उभं."

माझा एक पाय उंचवट्यावर आणि एक खाली होता. किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. पायात गोळे आले. ती अंधारातूनच म्हणाली, "शिवरात्रीला तप करताव काय, बाबा?" आणि पत्नी खुदकन हसली. मला हसू आले नाही.

डोळे सरावले तेव्हा दूरवर समुद्राची फिकट रेघ दिसू लागली. पिल्लांनाही ती दिसली असावी. माझ्या पावलावरून थंड, खरखरीत, जेमतेम वजनाचे काहीतरी सरकत गेले. मग आणखी एक. ती परत फिरली होती. बनाकडे गेलेली पिल्ले कोळणीने चाचपडत गोळा केली आणि ओल्या वाळूवर सोडली. पुढचे चालणे त्यांचे त्यांनीच करायचे असते, असे तिने सांगितले. मेलेले पिल्लू तिने माझ्या हातात दिले. मी ते समुद्रापर्यंत नेले. ओहोटीची वाट लांब होती.

दुसऱ्या दिवशी पेणला अहवाल मिळाला. तो चांगला नव्हता. डॉक्टर समजावून सांगत होते, आणि मी माझ्या बोटांच्या नखांत राहिलेल्या काजळीकडे पाहत होतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा बांध फुटला. पत्नीला ती न सांगितलेली अट मी तेथे सांगितली.

तिने पदराने माझे तोंड पुसले. "इतकी वर्षं मुलांना शिकवलंत, आणि एवढं कळू नये? गाठ दिव्यांच्या आधीची आहे. उठा, रोह्याची गाडी चुकेल."

उपचार दिवाळीपर्यंत चालले. ती खूप थकली. आता जेवते, चालते. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात गोल करून ठेवली आहे. यंदाच्या शिवरात्रीस आम्ही त्याच किनाऱ्यावर गेलो. पणत्या नेल्या नाहीत. अंधारात, हाताला लागेल तशी पिंडी केली, बेल वाहिला, आणि एकमेकांना टेकून बराच वेळ बसलो. वाळू हलली नाही. कोळीण लांबूनच ओरडली, "बाबा, दिवं नाय ना आनलं?" मी ओरडून सांगितले, "नाही हो!"

हे वाचणाऱ्या तुम्हांला आणि तुमच्या घरातील लहानथोरांना तो महादेव निरोगी ठेवो. तुमच्या देवघरात रोज दिवा लागो; आणि कोणाच्या वाटेवर तो येत असेल, तर तो वेळीच दूर करण्याचे बळ तुमच्या हातांना मिळो.