किल्लीबरोबर चपलांचा जोड

बोरगाव मेघ्यातल्या आमच्या घरामागच्या तीन खोल्यांत जो कोणी भाड्याने राहायला येई, त्याला मी किल्लीबरोबर रबरी चपलांचा एक नवा जोड देत असे. वर्ध्याच्या बाजारात माझं चपलांचं दुकान, त्यामुळे कोणाला नवल वाटत नसे, कौतुकच वाटे. "घरमालक पाहावा तर असा," असं एका भाडेकरूने दुसऱ्याला सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि ऐकून गप्प बसलो आहे. गप्प बसणं मला आयुष्यभर चांगलं जमलं.

त्या चपला कशासाठी होत्या ते आता सांगतो. त्या घराला अर्थिंग नव्हती.

अर्थिंग म्हणजे विजेला जमिनीत जायची सोपी वाट. कूलरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता तारेतून मातीत जावी, म्हणून केलेली सोय. ती नसेल तर पत्र्याला हात लावणारा माणूस हीच वाट. त्याच्या पायात रबर असलं तर बहुतेक वेळा निभावतं. एवढं शास्त्र मला कळत होतं, आणि मी ते चपलांत बसवलं होतं.

घर नव्वदीच्या सुरुवातीला बांधलं. वायरमन ओळखीचा, लायसन्सवाला, कामाला चोख. त्याने भिंतीभिंतीतून हिरवी तार फिरवली आणि मला यादी दिली: दोन बाय दोन फुटांची जस्ती प्लेट, पोतंभर कोळसा, पोतंभर मीठ. मागच्या अंगणात आठ फूट खड्डा खोदायचा, प्लेट उभी पुरायची, भोवती कोळसा-मीठ भरायचं आणि हिरवी तार तिला जोडायची. प्लेट निवडायला आम्ही दोघं गेलो. त्याने तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "घ्या शेठ. नातवापर्यंत पाहाचं काम नाई."

खड्डा अर्धा झाला आणि वास्तुशांती उद्यावर आली. पंगत मागच्याच अंगणात, आणि खड्डा नेमका पंगतीच्या मधोमध. काळ्या मातीच्या कडा ढासळत होत्या, पाहुण्यांची पोरं वाकून वाकून बघत होती. मी मजुरांना म्हटलं, आत्ता बुजवा, पंगत उठली की पुन्हा खोदू. दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यावर बसून लोकांनी पोटभर बुंदी खाल्ली. चार दिवसांनी वायरमनने विचारलं, "प्लेट टाकली ना शेठ?" मी म्हटलं, "मजुरांकडून टाकून घेतली." इतकं सहज म्हटलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मनात होतं, आठवडाभरात टाकूच. त्याने माझ्या शब्दावर टेस्ट रिपोर्टवर सही केली. मी हिरव्या तारेचं टोक हातभर मातीत खोचलं आणि वर सिमेंटचं कडं आणि झाकण बसवलं.

मीटर लावायला वीज कार्यालयाचा माणूस आला. त्याने झाकण उचललं, मातीत गेलेली तार पाहिली आणि माझ्या बायकोला सांगून गेला, "वहिनी, उन्हाळ्यात इथं रोज बादलीभर पाणी टाकत जा. अर्थिंग सुकली का बेकार."

तेव्हापासून ती टाकू लागली. होळी झाली की रोज संध्याकाळी एक बादली. नळ एक दिवसाआड येई. तरी अर्थिंगची बादली चुकली नाही. कड्याभोवती तिने पुदिना लावला, तो असा माजला की गल्लीत कोणाच्या घरी पन्हं असो की चटणी, पुदिना आमच्याकडून. ज्या खड्ड्यात काहीच नव्हतं त्याला ती नऊ उन्हाळे पाणी घालत होती आणि मी ओट्यावर बसून पेपर वाचत होतो.

प्लेट दुकानात पडून होती. नवी चप्पल घालून पाहताना तळवा मळू नये म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाखाली काहीतरी स्वच्छ लागतं. मी ती प्लेट तिथे टाकली. नऊ वर्षं अर्धा बाजार माझ्या अर्थिंगवर उभा राहून चपला घालून बघत होता. घासून घासून ती ताटासारखी चकाकायला लागली होती.

भाडेकरार मी कचेरीसमोरच्या टायपिस्टकडून करून घेई. त्याच्याकडे एकच मसुदा होता, फक्त नावं बदलायची. त्यात एक वाक्य होतं: विजेसंबंधी सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी, अपघात झाल्यास घरमालक जबाबदार राहणार नाही. करार मी कधी पुरता वाचला नाही, पण ते वाक्य कितव्या ओळीवर आहे ते मला पाठ होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मधल्या खोलीत सेवाग्रामच्या दवाखान्यातली एक सिस्टर राहायला आली. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी येई. पोर सात महिन्यांची. सिस्टर हसतमुख, पण नजर अशी की थर्मामीटर न लावता ताप सांगेल. पहिल्याच उन्हाळ्यात ती ओट्यापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, कूलर मुंग्या आणून राह्यला हाताले."

मी ठरलेलं उत्तर दिलं. "चप्पल घालून पाणी भरत जा, सिस्टर. आणि आधी बटन बंद करत जा."

"मी घालतो. पण पोरगी आता रांगून राह्यली. कूलरच्या जाळीले धरून उभी राहाले पाहते."

मी दुसऱ्या दिवशी दुकानातून सगळ्यात लहान नंबरचा जोड आणला. लाल, वर बदकाचं चित्र. सिस्टरने पोरीच्या पायात घातला. पोरीने एक चप्पल काढली, दोन्ही हातांत धरली आणि तोंडात घातली. दुसरी घरंगळत कूलरखाली गेली.

सिस्टर पोट धरून हसली. "भाऊ, इले सांगा तुमचा नियम."

मीही हसलो. पण दुकानात गेल्यावर त्या चकाकत्या प्लेटकडे बघवेना. तोवरचे भाडेकरू मोठी माणसं होती, सांगितलेलं ऐकत. या पोरीपुढे माझी सगळी व्यवस्था एका दातावर येऊन थांबली होती. दोन दिवस मी कूलरचा प्लग काढून ठेवा, पंख्यावर भागवा, असं सांगून पाहिलं. वर्ध्यात, मे महिन्यात. सिस्टरने माझ्याकडे तशाच नजरेने पाहिलं, ताप बघावा तशी.

त्या रविवारी जाम गावाहून तिचे वडील नातीला बघायला आले. आयुष्य खांबावर गेलेले रिटायर लाइनमन. डोक्याला टोपी, खिशात टेस्टर. लेकीने कूलरचं सांगितलं. त्यांनी चहा प्यायच्या आधी होल्डरला दोन तारा लावलेला शंभरचा बल्ब मागितला. एक तार सॉकेटच्या फेजमध्ये, दुसरी अर्थच्या भोकात. अर्थिंग चांगली असेल तर बल्ब लख्ख लागतो.

बल्बात एक बारीक लाल ठिपका दिसला. बाकी अंधार.

"हे पाहा," ते म्हणाले. "बिडी पेटली."

माझी बायको दाराशी उभी होती. तिला ते लागलं. "असं कसं? मी तर रोज पाणी टाकून राह्यली. नऊ वर्षं झाले."

"मंग वहिनी, ही बिडीबी तुमच्याच पाण्यावर जळून राह्यली." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, प्लेट सडली असन. खोदा लागन."

मी म्हटलं, "करारात तसं... विजेचं भाडेकरूकडे आहे."

हे वाक्य मी का बोललो ते मला आजही कळलेलं नाही. म्हातारा रागावला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "मीटर कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"भिंतीतली तार कोणाची?"

"माझी."

"मंग कागदावर काई लिवा. बल्ब माह्या पोरीचा, कूलर माह्या पोरीचा. भिंत अन् जमीन तुमची. जमीन ते उचलून नेते का जाताना? कूलर बिघडला तर ते दुरुस्त करन. पण बिघडल्यावर माणूस जिता राह्यला पाह्यजे, हे मालकाचं काम हाये."

सिस्टर म्हणाली, "बाबा, चहा थंडा होते." म्हाताऱ्याने बशीत ओतून एका घोटात संपवला आणि फावडं मागितलं.

खोदायला मी, सिस्टरचा नवरा आणि काठावर बसून हुकूम सोडणारे म्हातारेबुवा. पुदिना बायकोने आधीच उपटून टोपलीत ठेवला. हातभर खाली हिरव्या तारेचं सुटं टोक लागलं, तेव्हा म्हातारेबुवा म्हणाले, "तार सडून तुटली असन." तीन फुटांवर म्हातारेबुवा म्हणाले, "आता कोळसा लागन." चार फुटांवर म्हणाले, "आता लागन." पाच फुटांवर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. सहाव्या फुटाला काळी माती संपून पांढरट मुरूम लागला. तो कधी कोणी हलवलेलाच नव्हता, हे त्यांच्यासारख्याला सांगायची गरज नव्हती.

बायको काठावरून म्हणाली, "म्हणजे त्या वायरमनानं प्लेट खाल्ली. अन् कोळसा अन् मीठबी. चहा किती पेला आपल्या घरचा."

मी खड्ड्यात होतो. डोकं जमिनीच्या खाली. तिथून "नाही" एवढंच म्हणायचं होतं. मी घाम पुसला आणि म्हटलं, "दुकानात एक प्लेट पडली आहे. आणतो."

स्कूटरवर पायांशी प्लेट उभी धरून आणली, येताना कोळसा आणि मीठही. बायकोने लगेच ओळखली. "हे तर गिऱ्हाइकाच्या पायाखालची. द्या देऊन, चांगल्या कामाले लागते." म्हातारेबुवांनी तिच्यावर बोट फिरवलं, टिचकी मारली आणि हिरवी तार जोडून नट घट्ट केला. सूर्य कलायच्या आत खड्डा भरला. पुन्हा बल्ब लावला, तो असा लागला की सिस्टरच्या पोरीने टाळ्या वाजवल्या.

सिस्टर मला म्हणाली, "भाऊ, दुकानातली वस्तू उचलून आणणारा मालक मी नाई पाह्यला." पुन्हा कौतुक. मी पुन्हा गप्प.

बुधवारी वायरमन दुकानात आला. दर दिवाळीला यायचा, यावेळी मधेच आला. बाकावर बसून त्याने एक सँडल घातला, पाय सवयीने पुढे टाकला आणि खाली बघितलं. फरशीवर प्लेटच्या जागी चौकोनी डाग होता.

"प्लेट गेली वाटते, शेठ."

"बसवली. रविवारी."

"अच्छा केलं." त्याने सँडल काढला. "परवा भाजीबाजारात वहिनी भेटल्या. चार लोकांत म्हणाल्या, तू प्लेट खाल्ली. मी म्हटलं, खाल्ली असन बापा."

मी हातातला डबा खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवाळीत. मीच टिचकी मारून घेतलेली प्लेट, मी वळखणार नाई? त्या दिवशी पाय ठेवला अन् गारच झालो. पण रिपोर्टावर सही माही होती. बोललो असतो तर आधी मीच गेलो असतो. मंग दरसाल येऊन पाहात होतो, गेली का नाई. नाई तर मले काय गरज दरसाल चपलीची? घरी आठ जोड हायेत."

तोच आधी हसला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि घरी आणलं. वाटेत तो म्हणाला, "राहू द्या शेठ, काऊन घरात भांडण." पण एकट्याने घरी गेलो असतो तर पोचेपर्यंत मी पुन्हा गप्प झालो असतो.

बायको अंगणात उपटलेला पुदिना परत लावत होती. वायरमनला बघून तिने पदर खोचला. तिने तोंड उघडायच्या आत मी सांगितलं: पंगत, बुजवलेला खड्डा, मजुरांच्या नावावर खपवलेलं खोटं, चपलांचे जोड, सगळं. उभ्याने, सलग. आयुष्यात तेवढं मी सलग कधी बोललो नव्हतो.

तिने हातातल्या रोपाभोवती माती दाबली. मग वायरमनला म्हणाली, "भाऊ, तुम्हाले चार लोकांत बोलली. आता चार लोकांतच परत घेतो. बसा, चहा टाकतो." आणि माझ्याकडे न बघता, "नऊ उन्हाळे. अन् ते सिस्टरचे बाबा काय म्हणाले होते? ते बिडी माह्या पाण्यावर जळत होती. तुमचं त्यातबी काई नाई."

मग तिने रिकामी बादली माझ्या पायाशी ठेवली.

त्या संध्याकाळी मी मधल्या खोलीत जाऊन सिस्टरलाही सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी मुरूम पाह्यला तेव्हाच सांगतलं मले. म्हणाले, त्याचं तो बोलन, तू नको विचारू." एवढंच. पोरीने माझ्या पायातली चप्पल ओढून पाहिली.

पुढचा करार करताना टायपिस्टला मी ते वाक्य काढायला लावलं. "असं कोणी करत नाही हो," तो म्हणाला. मी त्याला त्याजागी दुसरं घालायला सांगितलं: घरातली वायरिंग आणि अर्थिंग मालकाने दर उन्हाळ्याआधी तपासून द्यावी. होळीनंतर कूलर बाहेर निघतात, त्यांतल्या खसच्या ताट्या बदलतात, त्या दिवशी वायरमन येतो. बल्ब लावतो, भाडेकरूला समोर उभं करून दाखवतो आणि जाताना पुदिना नेतो. त्याची दरसालची चप्पल मात्र बंद झाली.

सिस्टरच्या आधी ज्यांनी त्या खोल्यांत उन्हाळे काढले, त्यांना मी कधी सांगितलं नाही. एक जोडपं, दोन एकटे मास्तर, एक कंपाउंडर. सगळे धडधाकट गेले; त्यात माझं काही नव्हतं, रबराचं होतं. कोणाच्या वाचण्यात हे आलं, तर त्यांनी तो चपलांचा जोड उदारपणात धरू नये.

जोड मी अजूनही देतो. पण आता किल्ली देताना आधी पायाचं माप विचारतो आणि मग चपला का देत होतो तेही सांगतो. नवे लोक हसतात, काही जरा मागे सरकतात, आणि मी त्यांना बल्ब लावून दाखवतो.

बादली माझ्याकडेच आहे. संध्याकाळी मी कड्यापाशी वाकलो की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज येतोच, "मधात टाका, कड्याच्या मधात. सारं पुदिन्याले नका पाजू."